दूरशिक्षण आणि इंग्रजी : वाचता येते, मग बोलता का येत नाही?

मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्या उमेदवारांच्या मुलाखतीत एक प्रसंग वारंवार घडतो. इंग्रजीतून विचारलेला प्रश्न उमेदवाराला समजतो, त्याचे उत्तरही ठाऊक असते. परंतु पहिल्या वाक्यानंतर शब्द अडखळतात आणि उरलेले उत्तर मराठीत दिले जाते अथवा दिलेच जात नाही. गुणपत्रिकेवर मात्र इंग्रजी विषयासमोर ‘उत्तीर्ण’ असा शेरा असतो. या विसंगतीचा दोष बहुधा उमेदवाराच्या बुद्धीला किंवा मेहनतीला दिला जातो. वास्तविक तिचे मूळ शिक्षणाच्या पद्धतीत आहे. दूरशिक्षणातून भाषेची चारही कौशल्ये सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. वाचन पुढे जाते, श्रवण साधनांवर अवलंबून राहते, लेखन तपासनीसाच्या हाती असते आणि संभाषण सर्वांत मागे पडते. असे का होते हे समजून घेतले, तर विद्यार्थ्याला प्रवेश घेतानाच ही उणीव भरून काढण्याची तजवीज करता येते.

टपालापासून मोबाइलपर्यंत

दूरशिक्षणाच्या इतिहासात आयझॅक पिटमन यांचे नाव अग्रभागी आहे. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र पाठविण्याची सोय झाली आणि पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने शिकविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी सराव करून कागद परत पाठवीत, पिटमन ते तपासून पुन्हा धाडीत. या आद्य प्रयोगाचे मर्म तपासलेला कागद परत येण्यात होते. पुढील पावणेदोनशे वर्षांत साधने बदलली, पण हे मर्म बदलले नाही.

ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाची स्थापना १९६९ साली झाली. त्यापूर्वीच, १९६२ मध्ये, दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले होते. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबाद येथे स्थापन झाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद आहे. ‘ज्ञानदर्शन’ ही शैक्षणिक दूरचित्रवाहिनी २००० साली, तर ‘ज्ञानवाणी’ ही नभोवाणी सेवा २००१ साली सुरू झाली. २००४ च्या सप्टेंबरमध्ये केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला आणि २०१७ मध्ये ‘स्वयम्’ या संगणकीय मंचावरून अभ्यासक्रम उपलब्ध झाले.

घरबसल्या इंग्रजी शिकण्याची परंपरा मराठी समाजात या विद्यापीठांहून जुनी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजीचा श्रीगणेशा केला. नियम, उदाहरणे, शब्दसंग्रह आणि मराठी वाक्यांचे इंग्रजी भाषांतर, असा तो क्रम होता. त्यातून व्याकरणाचा पाया पक्का होई, पण कानावर भाषा पडत नसे आणि समोर बोलणारा कोणी नसे. आजच्या दूरशिक्षणातील इंग्रजीचे बलस्थान आणि तिची उणीव या दोन्हींची छाया त्या पाठमालेत दिसते.

शिकणारा कोण आहे?

दूरशिक्षणाचा परिणाम मोजताना विद्यार्थी कोणत्या पायरीवरून निघतो हे पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय २००० साली अमलात आला. त्यापूर्वी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीची ओळख पाचवीत होत असे. आज पस्तिशी ओलांडलेल्या मराठी माध्यमाच्या बहुतेक विद्यार्थ्यांचा प्रारंभ तेथून झालेला आहे. मुक्त विद्यापीठात येणारा वर्गही वेगळा असतो. तालुक्याच्या गावी दुकानात काम करणारा तरुण, लग्नानंतर शिक्षण सुटलेली गृहिणी, पदोन्नतीसाठी पदवी हवी असलेला पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका अशा अनेकांना नियमित महाविद्यालयाचे दार वेळेमुळे किंवा पैशामुळे बंद झालेले असते. बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या वाटेने पदवीकडे जाता येते. हा मार्ग नसता तर त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला पदवीचे इंग्रजीदेखील आले नसते.

याच वर्गाला इंग्रजी बोलण्याची निकड अधिक असते. शहरातील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर मित्रमंडळीत, शिकवणीत किंवा घरी चार वाक्ये इंग्रजी ऐकायला-बोलायला मिळतात. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याच्या परिसरात ती संधी क्वचितच असते. म्हणजे ज्याला सहवासाची जोड सर्वाधिक हवी, त्याच्याच हाती केवळ पुस्तक पडते.

चार कौशल्ये, चार वेगळे परिणाम

वाचन : दूरशिक्षणात सर्वाधिक लाभ वाचनाला होतो. छापील पाठ आपल्या गतीने वाचता येतो, अडलेले वाक्य पुन्हा पाहता येते, शब्दकोश उघडता येतो. मुक्त विद्यापीठांची पुस्तके स्वयं-अध्ययनासाठी मुद्दाम लिहिली जातात. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये ‘आपली प्रगती तपासा’ अशा स्वरूपाचे प्रश्न आणि शेवटी उत्तरे असतात. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा अशी पुस्तके मन लावून वाचणाऱ्याचा शब्दसंग्रह पुष्कळदा अधिक वाढतो.

श्रवण : केवळ छापील पुस्तकावर वाढलेली इंग्रजी स्पेलिंगच्या आधाराने उच्चारली जाते. बुधवारचे इंग्रजी नाव ‘वेड्नेस्डे’ आणि ऐकण्याचे क्रियापद ‘लिस्टन’ असे उच्चारणारा विद्यार्थी चुकीचे वाचत नसतो. त्याच्या कानावर तो शब्द पडलेलाच नसतो. ‘वेन्झ्डे’ किंवा ‘लिसन’ हे उच्चार समोरून आले की तेच ओळखीचे शब्द त्याला परके वाटतात. मराठी भाषकाच्या काही अडचणी विशिष्ट आहेत. इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन अक्षरांच्या ध्वनींना मराठीत एकच ‘व’ आहे. जहाजासाठीचा ‘शिप’ आणि मेंढीसाठीचा ‘शीप’ यांतील स्वरभेद मराठी लेखनात दिसतो, पण मराठी बोलण्यात त्यावर अर्थ फारसा अवलंबून नसल्याने कानाला तो टिपण्याची सवय नसते. इंग्रजी शब्दातील आघात ही तर मराठीला जवळजवळ अपरिचित गोष्ट. ‘रेकॉर्ड’ या शब्दात आघात पहिल्या अवयवावर पडला की ते नाम होते, दुसऱ्यावर पडला की क्रियापद. हे छापील पानावर दिसत नाही, ते ऐकावेच लागते. त्यामुळे ध्वनिफीत, नभोवाणी किंवा मोबाइल यांची जोड मिळाल्यास दूरशिक्षणातील श्रवण झपाट्याने सुधारू शकते. न मिळाल्यास ते जवळजवळ शून्यावर राहते.

लेखन : लेखनाचा विकास गृहपाठाच्या तपासणीवर ठरतो. केवळ गुण लिहिलेली वही आणि चुकांखाली रेघ ओढून त्यांची कारणे नोंदवलेली वही यांत मोठे अंतर आहे. त्याहून महत्त्वाचा असतो काळ. ऑगस्टमध्ये लिहिलेला निबंध परीक्षेनंतर हाती आला, तर त्यावरील शेरा निरुपयोगी ठरतो. कारण तीच चूक विद्यार्थ्याने मधल्या काळात शेकडो वेळा गिरवलेली असते. इंग्रजीतील ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीत, वाक्यात क्रियापदाची जागाही वेगळी आहे. अशा चुका नियम पाठ करून जात नाहीत, वारंवार दुरुस्ती झाल्यानेच जातात. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी तयार उत्तरे उतरवून काढण्याची प्रथा पडली, की दुरुस्तीला वावच उरत नाही.

संभाषण : येथे दूरशिक्षणाची कसोटी लागते. बोलणे हे ज्ञानाइतकेच वेगाचे कौशल्य आहे. शब्द आठवणे, वाक्य जुळविणे आणि उच्चार करणे ही कामे काही क्षणांत एकाच वेळी करावी लागतात. सरावाखेरीज हा वेग येत नाही आणि ऐकणारा कोणी असल्याखेरीज सराव टिकत नाही. संपर्क सत्रे बहुधा सुटीच्या दिवशी होतात, सत्रातील वेळ अभ्यासक्रम उरकण्यात जातो आणि त्यातही शिक्षकच बोलतात. वर्षभरात एकदाही सलग दोन मिनिटे इंग्रजीत न बोलता विद्यार्थी इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण होऊ शकतो.

समजणे आणि बोलणे यांतील दरी

भरपूर वाचले आणि ऐकले की बोलणे आपोआप येते, असा समज सर्वत्र आढळतो. त्याला कॅनडातील अनुभवाने छेद दिला. तेथे इंग्रजी भाषक मुलांना शाळेतील विषयच फ्रेंचमधून शिकविण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून-वाचून या मुलांचे आकलन उत्तम झाले, परंतु त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका टिकून राहिल्या. भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावरून असा सिद्धांत मांडला, की आकलनासाठी ऐकणे-वाचणे पुरते, पण भाषा अचूकपणे वापरता येण्यासाठी ती स्वतः घडवावी लागते. ऐकताना संदर्भावरून अर्थ लागतो आणि व्याकरणाकडे दुर्लक्ष झाले तरी चालते. बोलताना मात्र आपल्याला नेमके काय येत नाही ते उघडे पडते. ही मुले तर रोज वर्गात बसत होती. तरीही त्यांची ही स्थिती असेल, तर एकट्याने पुस्तक वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे बोलणे का अडते, हे वेगळे सांगावयास नको.

बोलण्याच्या भीतीचाही येथे विचार करावा लागतो. परभाषा बोलताना वाटणारी धास्ती ही सर्वसाधारण भित्रेपणाहून वेगळी आहे, असे १९८६ मध्ये इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. या बाबतीत दूरशिक्षणाचे दोन्ही परिणाम संभवतात. वर्गातील हशाची भीती नसल्यामुळे प्रौढ विद्यार्थी एकांतात मोकळेपणाने सराव करू शकतो. मात्र तो एकांत कधीच मोडला नाही, तर भीतीला तोंड देण्याची सवयही लागत नाही आणि तिची पहिली गाठ थेट मुलाखतीतच पडते.

अंतर म्हणजे काय?

अमेरिकेतील दूरशिक्षणतज्ज्ञ मायकेल मूर यांनी या विषयाला मूलभूत दिशा दिली. त्यांच्या मते दूरशिक्षणातील खरे अंतर मैलांत मोजता येत नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील संवाद जितका कमी आणि अभ्यासक्रमाची चौकट जितकी ताठर, तितके हे अंतर मोठे. या अर्थाने शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गातही शिक्षक दूर असू शकतो आणि आठवड्यातून एकदा दूरध्वनीवर बोलणारा शिक्षक जवळ असू शकतो.

इतिहास किंवा अर्थशास्त्र यांसारख्या विषयात हे अंतर काही प्रमाणात चालवून घेता येते. भाषेत ते चालत नाही; कारण तेथे संवाद हा शिकविण्याचा मार्गही असतो आणि शिकण्याचा विषयही. मग संवाद वाढविला का जात नाही? याचे कारण खर्चात आहे. एक पुस्तक एकदा लिहिले की ते दहा हजार विद्यार्थ्यांना पुरते. परंतु एक हजार विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाचे महिन्याला केवळ दहा मिनिटे बोलणे ऐकावयाचे ठरविले, तरी दहा हजार मिनिटे, म्हणजे सुमारे १६७ तास लागतात. रोज आठ तास धरले तर हा एका पूर्णवेळ शिक्षकाचा एकवीस दिवसांचा वेळ झाला. मोठ्या संख्येला कमी खर्चात शिकविणे हे दूरशिक्षणाचे सामर्थ्य आहे आणि संभाषण हे नेमके असे कौशल्य आहे, की जे संख्येच्या हिशेबात बसत नाही.

नभोवाणीचा धडा

तथापि एकतर्फी वाटणाऱ्या साधनातूनही विद्यार्थ्याला बोलते करता येते, हे केनियातील प्रयोगाने दाखविले. १९८० ते १९८५ या काळात तेथील प्राथमिक शाळांच्या पहिल्या तीन इयत्तांना नभोवाणीवरून इंग्रजी शिकविण्यात आले. निवेदक प्रश्न विचारी आणि थांबे. त्या विरामात मुले मोठ्याने उत्तर देत. मग योग्य उत्तर ऐकू येई. गाणी, हालचाली आणि छोटी नाट्ये यांची त्यात गुंफण होती. हे पाठ ऐकणाऱ्या मुलांनी श्रवण आणि वाचन यांच्या चाचण्यांत नेहमीच्या वर्गांतील मुलांहून सरस कामगिरी केली. पुण्यातील ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ या संस्थेने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ हा नभोवाणी कार्यक्रम तयार केला, तोही मुलांना इंग्रजी ऐकवण्याच्या आणि बोलते करण्याच्या याच वाटेने जाणारा होता.

या प्रयोगांतून निघणारा निष्कर्ष साधा आहे. पाठात विद्यार्थ्यासाठी राखलेली जागा हवी. तासभर चालणाऱ्या व्याख्यानाची चित्रफीत आणि दर अर्ध्या मिनिटाला उत्तराची वाट पाहणारा नभोवाणी पाठ यांची तुलना केली, तर तंत्राने जुना असलेला पाठ भाषाशिक्षणात पुढे ठरतो.

२०२० नंतरचा अनुभव

करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जे शिक्षण आजवर काहींच्या निवडीचे होते, ते सर्वांवर येऊन पडले. महाराष्ट्रात त्याच वर्षी जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. ज्यांच्या घरी मोबाइल आणि इंटरनेट होते, त्यांचे वर्ग पडद्यावर भरले. अनेकांच्या घरी ते नव्हते.

या काळाचे परिणाम ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण सर्वेक्षणातून दिसतात. तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा पाठ आपल्या भाषेत वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले. इंग्रजीचे आकडे मात्र वेगळेच सांगतात. इंग्रजीतील साधी वाक्ये वाचू शकणारी पाचवीतील मुले २०१६ मध्ये २४.७ टक्के होती आणि २०२२ मध्ये २४.५ टक्के. आठवीत हेच प्रमाण ४५.३ वरून ४६.७ टक्के झाले. मधल्या वर्षांतील चढउतार या दोन आकड्यांतून कळत नाहीत, तसेच बोलण्याची चाचणी त्यात नव्हती. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. शाळा नियमित भरत असताना आणि त्या दीर्घकाळ बंद राहिल्यानंतरही पाचवीतील चारपैकी तीन मुलांना साधे इंग्रजी वाक्य वाचता येत नव्हते. ग्रामीण भागातील इंग्रजीच्या दुरवस्थेचे खापर केवळ दूरशिक्षणावर फोडता येणार नाही. मुक्त विद्यापीठात येणारा विद्यार्थी ही उणीव शाळेतूनच घेऊन येतो.

परीक्षा बदलली की शिक्षण बदलते

जे तपासले जाते तेच शिकले जाते, हा शिक्षणातील जुना अनुभव आहे. परदेशी शिक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या ‘टोफेल’ परीक्षेत २००५ मध्ये इंटरनेटवर आधारित स्वरूप आले आणि त्यात संभाषणाचा विभाग अनिवार्य झाला. साहजिकच तिच्या तयारीत बोलण्याच्या सरावाला स्थान द्यावे लागले. दूरशिक्षणातील इंग्रजीची परीक्षा तीन तासांच्या उत्तरपत्रिकेपुरती राहिली, तर विद्यार्थी तोंड उघडण्यात वेळ दवडणार नाही. त्याला तसा दोषही देता येणार नाही. गृहपाठांपैकी एक जरी लेखी न घेता ध्वनिमुद्रित स्वरूपात मागविला, तरी चित्र बदलू शकेल. मोबाइलच्या काळात हे अवघड नाही आणि दुसऱ्याच्या आवाजातील उत्तर स्वतःचे म्हणून देणे हे उतरवून काढण्याइतके सोपेही नाही.

यंत्राशी संवाद

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आले आणि त्यानंतर प्रश्नाला तत्काळ उत्तर देणारी अशी अनेक साधने विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर पोहोचली. दूरशिक्षणात जो प्रतिसाद महिन्यांनी मिळे, तो क्षणात मिळू लागला. वाक्यातील चूक दाखविणे, तिचे कारण मराठीतून समजावणे, मुलाखतीतील प्रश्न विचारणे ही कामे यंत्र न कंटाळता करते. संकोची विद्यार्थ्याला हा मोठा आधार आहे.

त्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. यंत्र पुष्कळदा चुकीच्या उच्चारातूनही योग्य शब्द ओळखून घेते, त्यामुळे उच्चार सुधारल्याचा भ्रम होतो. माणसासमोर बोलतानाचे दडपण यंत्रासमोर नसते. शिवाय हेच यंत्र निबंधही लिहून देते. आपण लिहिलेला निबंध तपासून घेणारा आणि यंत्राकडून लिहून घेणारा, असे दोन विद्यार्थी वर्षअखेरीस सारख्याच गुणांनी उत्तीर्ण होतील; मुलाखतीत मात्र त्यांच्यातील फरक पहिल्या मिनिटात कळेल.

विद्यार्थ्याने काय करावे?

प्रवेशापूर्वी अभ्यास केंद्रावर तीन गोष्टींची चौकशी करावी : वर्षात संपर्क सत्रे किती होतात, त्यांत विद्यार्थ्यांना बोलण्यास वेळ दिला जातो का, आणि गृहपाठ तपासून किती दिवसांत परत मिळतो. उत्तरे समाधानकारक नसली तरी प्रवेश टाळण्याचे कारण नाही. मात्र ती उणीव स्वतः भरून काढावी लागेल, हे समजून असावे.

त्यासाठी सर्वांत उपयुक्त उपाय म्हणजे जोडीदार. त्याच केंद्रातील एका सहाध्यायाशी रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटे दूरध्वनीवर केवळ इंग्रजीत बोलावे. दोघांचेही इंग्रजी कच्चे असले तरी बिघडत नाही, कारण वेग आणि धीर हे दोन्ही त्यातून येतात. पाठ वाचण्यापूर्वी त्या विषयावरील ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्यास ते ऐकावे, म्हणजे स्पेलिंगआधी उच्चार कानावर पडेल. आठवड्यातून एकदा दोन मिनिटांचे स्वतःचे बोलणे मोबाइलवर मुद्रित करून ठेवावे आणि महिन्याने ऐकावे. प्रगती दिसते आणि चुकाही. गृहपाठ तपासून आला की चुकलेली वाक्ये दुरुस्त करून पुन्हा लिहावीत. केवळ गुण पाहून वही बाजूला ठेवणे म्हणजे शिक्षकाची मेहनत आणि टपालखर्च दोन्ही वाया घालविणे होय.

विद्यापीठांनी करावयाचे काम याहून मोठे आहे. अभ्यास केंद्रावर आठ-दहा जणांचे संभाषण गट, ध्वनिमुद्रित गृहपाठ आणि दोन-तीन आठवड्यांत तपासणी, एवढ्या तरतुदी केल्या तरी पदवीवरील इंग्रजी आणि तोंडातील इंग्रजी यांतील दरी कमी होईल. ज्ञानगंगा घरोघरी पोहोचली, हे गेल्या काही दशकांचे मोठे कार्य होय. इंग्रजीच्या बाबतीत घराघरातून उठणारा आवाज ऐकून त्याला वेळेवर उत्तर देण्याचे काम अद्याप बाकी आहे.